करारातील चतुःसीमा

जमिनीचे खरेदीखत ज्याने एकदा तरी वाचले आहे, त्याला ‘चतुःसीमा’ हा शब्द परिचयाचा असतो. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गावरस्ता आणि उत्तरेस तमक्याचा बांध, असे चारही बाजूंचे वर्णन केल्यावाचून खत पुरे होत नाही. गट क्रमांक दिलेला असतो, क्षेत्रफळ दिलेले असते, तरीही चतुःसीमा लिहिली जातेच. कारण नुसत्या नावावर आणि आकड्यावर विसंबून राहिलेल्या माणसाच्या पुढच्या पिढ्यांना कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हा अनुभव फार जुना आहे.

व्यापारी करारांतही मुलखाचे वर्णन येते. परंतु तेथे जमीन कोणी विकत नसतो आणि कोणी घेतही नसतो. तेथे दोन व्यापारी एकमेकांना वचन देत असतात. अमुक प्रदेशात माल तुम्ही विकावा, आम्ही त्यात हात घालणार नाही, असे ते वचन असते. किंवा अमुक प्रदेशात जे काही करायचे ते दोघांनी मिळून करावे, एकट्याने कोणीच करू नये, असे असते. पहिल्या प्रकारात मुलूख वाटलेला असतो, दुसऱ्यात तो सामाईक ठेवलेला असतो. वाटणीत निदान प्रत्येकाचा वाटा डोळ्यांपुढे असतो. सामाईकीत मात्र प्रत्येक भागीदार साऱ्या मुलखाकडे पाहत असतो आणि इतर भागीदारही तसेच पाहत आहेत, हे विसरू शकत नसतो. पेशवाईच्या काळी ज्या गावांचा वसूल मराठे आणि निजाम या दोघांकडे जाई, त्या दुअमली गावांत तंटे का होत, हे ज्यांनी इतिहासात वाचले आहे, त्यांना या अडचणीचे स्वरूप वेगळे सांगावयास नको.

अशा सामाईक मुलखाची व्याख्या करणे किती कठीण आणि किती दूरगामी असते, हे दाखवणारे सर्वांत मोठे उदाहरण गेल्या शतकात घडले. ३१ जुलै १९२८ रोजी बेल्जममधील ऑस्टेंड या समुद्रकाठच्या गावी काही तेल कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या. कराराला एक नकाशा जोडला होता आणि नकाशावर तांबड्या रंगाची एक रेषा होती. त्या रेषेवरून हा करार ‘तांबड्या रेषेचा करार’ म्हणून प्रसिद्ध झाला. कोणत्याही राजाने किंवा राष्ट्राने आखलेली अशी ती सरहद्द नव्हती. तिच्यावर चौकी नव्हती की पहारा नव्हता. तरीही पुढील वीस वर्षे पश्चिम आशियातील तेलाचा इतिहास तिच्याभोवती फिरत राहिला.

या रेषेचे मूळ १९१४ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी १९ मार्च रोजी लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या पुढाकाराने ‘तुर्की पेट्रोलियम कंपनी’ची वाटणी ठरली. निम्मा हिस्सा अँग्लो-पर्शियन कंपनीच्या गटाकडे, चौथाई जर्मनांच्या डॉइश बँकेकडे आणि उरलेली चौथाई रॉयल डच-शेलच्या गटाकडे गेली. मात्र हा व्यवहार जुळवून आणण्यात ज्याचा मोठा हात होता, त्या कॅलूस्त गुलबेंकियन या आर्मेनियन गृहस्थाला अँग्लो-पर्शियन आणि शेल यांनी आपापल्या हिश्श्यातून अडीच-अडीच टक्के लाभांश द्यावा, असे ठरले. अशा रीतीने गुलबेंकियनला ५ टक्के मिळाले आणि जन्मभर ‘पाच टक्केवाला’ हे नावही मिळाले.

याच करारात एक लहानसे कलम होते. उस्मानी साम्राज्याच्या युरोपातील आणि आशियातील मुलखात, या कंपनीच्या द्वारे असेल तेवढे सोडून, तेलाच्या उत्पादनात कोणत्याही भागीदाराने स्वतंत्रपणे हितसंबंध ठेवू नयेत, असे ते कलम सांगत होते. इजिप्तच्या कारभाराखालील भाग, कुवेतच्या शेखांचा मुलूख आणि तुर्की-इराणी सरहद्दीवरील हस्तांतरित प्रदेश एवढे त्यातून वगळले होते. इंग्रजीत याला आत्मसंयमाचे कलम म्हणत. नाव साधुपुरुषाला शोभेल असे असले, तरी त्यामागची भावना परस्परांवरील अविश्वासाची होती. कोणीही शेजाऱ्याच्या आधी धावत जाऊन दुसरी विहीर खणू नये, हा तिचा अर्थ.

१९१४ मध्ये ‘उस्मानी साम्राज्य’ म्हणजे काय, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. इस्तंबूलला सुलतान होता, त्याचे वजीर होते, पृथ्वीच्या नकाशावर त्याच्या राज्याला एक रंग होता. २८ जून १९१४ रोजी तुर्की महावजिराने मोसल आणि बगदाद या प्रांतांतील तेलाचा मक्ता या कंपनीला देण्याचे आश्वासन पत्राने दिले. त्याच दिवशी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली आणि काही आठवड्यांत महायुद्धाचा भडका उडाला. युद्ध संपले तेव्हा जर्मनी पराभूत झाली होती आणि तुर्की साम्राज्याचे तुकडे झाले होते. एप्रिल १९२० मध्ये सान रेमो येथे इंग्रज आणि फ्रेंच यांनी जर्मन बँकेचा हिस्सा फ्रान्सला देऊ केला. पुढे अमेरिकन कंपन्यांनीही, आपल्या सरकारच्या पाठबळावर, दार ठोठावले. ज्या साम्राज्याच्या नावाने करार झाला होता, ते साम्राज्यच उरले नाही. करार मात्र उरला.

येथे प्रश्न उभा राहिला. मृत राज्याच्या सीमा कोणत्या मानायच्या? साम्राज्य जेव्हा सर्वांत विस्तृत होते तेव्हाच्या, की १९१४ मधील? कागदोपत्री दावा होता तेवढ्या, की प्रत्यक्ष अंमल होता तेवढ्या? अरबस्तानातील नज्द हा प्रदेश इब्न सौदने आपल्या ताब्यात आणला होता आणि पूर्व किनाऱ्यावरील अल-हसा प्रांतातून १९१३ मध्येच तुर्की शिबंदी हाकलली होती. बहरीन इंग्रजांच्या संरक्षणाखाली होते. ओमानवर सुलतानाचा अंमल असल्याचे कोणी गंभीरपणे म्हणत नसे. उलट कुवेतवर तुर्कांचा नाममात्र हक्क मानला जाई आणि नेमके तेच वगळलेले होते. इतिहासाच्या पुस्तकातून या प्रश्नाला एकच उत्तर मिळणे शक्य नव्हते.

अमेरिकन कंपन्यांना हे आत्मसंयमाचे कलमच नको होते. त्यांच्यापाशी भांडवल होते, यंत्रे होती, जगभर पसरलेल्या बाजारपेठा होत्या. मोकळ्या रानात धावण्याची शर्यत लागली तर त्या जिंकणार होत्या. याच कारणासाठी गुलबेंकियनला आणि फ्रेंचांना ते कलम प्राणाइतके मोलाचे वाटत होते. गुलबेंकियनपाशी ना स्वतःचे तेलशुद्धीचे कारखाने होते, ना विक्रीची दुकाने. फ्रेंच कंपनी १९२४ मध्ये जन्मलेली होती आणि तिची सारी भिस्त इराकच्या तेलावर होती. बलाढ्य भागीदारांनी शेजारच्या वाळवंटात स्वतंत्र विहिरी खणल्या असत्या, तर इराकची विहीर मंद गतीने चालवणे त्यांना सहज शक्य होते. मग ५ टक्क्यांचा अर्थ काय उरणार? लहान भागीदाराचे संरक्षण त्याच्या टक्केवारीत नसते, ते मुलखाच्या व्याख्येत असते. सामाईक मुलूख जितका विस्तृत, तितके बलवानाचे हात बांधलेले. ही गोष्ट गुलबेंकियनने इतरांच्या फार आधी ओळखली आणि तिच्यासाठी तो वर्षानुवर्षे हटून बसला.

वाटाघाटी चालू असतानाच १५ ऑक्टोबर १९२७ रोजी किर्कुकजवळ बाबा गुरगुर येथे तेलाचा प्रचंड फवारा उसळला. वाळवंटाखाली काय आहे, याविषयी आता शंका राहिली नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात करार झाला. अँग्लो-पर्शियन, शेल, फ्रेंच कंपनी आणि अमेरिकन गट या चौघांना प्रत्येकी २३.७५ टक्के आणि गुलबेंकियनला ५ टक्के, अशी वाटणी ठरली. सामाईक मुलखाची सीमा मात्र शब्दांवर न सोडता नकाशावर आखण्यात आली.

या रेषेविषयी एक कथा फार प्रसिद्ध आहे. सभेत कोणालाच जुन्या साम्राज्याच्या सीमा सांगता येईनात, तेव्हा गुलबेंकियनने नकाशा मागवला, तांबडी पेन्सिल हातात घेतली आणि आपण याच साम्राज्यात जन्मलो, वाढलो, त्याच्या सीमा आपल्याला ठाऊक आहेत, असे सांगून एका दमात रेषा ओढली, अशी ती कथा. गुलबेंकियनचा जन्म १८६९ मध्ये इस्तंबूलच्या आशियाई काठावर झाला होता, एवढे खरे. पेन्सिलीच्या कथेवर मात्र इतिहासकारांचा विश्वास नाही. इंग्रज आणि फ्रेंच सरकारी खात्यांचे नकाशे आधीच तयार होते आणि वकिलांचे मसुदेही कित्येक महिने फिरत होते. तरीही कथेत एक मर्म आहे. शब्दांनी जे सुटत नव्हते, ते रेषेने सोडवले. ‘साम्राज्य म्हणजे काय’ हा इतिहासाचा प्रश्न होता आणि त्यावर वाद घालता येत होता. ‘रेषेच्या आत की बाहेर’ हा नकाशाचा प्रश्न होता आणि त्याला एकच उत्तर होते.

ही रेषा तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, ट्रान्सजॉर्डन आणि इराक यांना वेढून, कुवेत तेवढे वगळून, संपूर्ण अरबी द्वीपकल्पाला कवेत घेत होती. सायप्रस आत होते, बहरीनही आत होते. इराण आणि इजिप्त बाहेर होते. म्हणजे जेथे तुर्कांचा अंमल क्वचितच किंवा कधीच नव्हता असा मुलूखही ‘उस्मानी’ म्हणून आत आला होता. कराराच्या व्याख्येला इतिहासाशी जुळणे भाग नसते. सह्या करणाऱ्यांना ती मान्य असली की पुरे. नकाशा असा जन्मला आणि त्याची कसोटीही त्याच वर्षी लागली.

अमेरिकन गटात गल्फ नावाची एक कंपनी होती. करारापूर्वीच, १९२७ मध्ये, तिने बहरीन आणि कुवेत येथील तेलाच्या मक्त्यांचे हक्क एका ब्रिटिश सिंडिकेटकडून घेण्याचे ठरवले होते. करार झाला आणि गल्फचे हात बांधले गेले. बहरीन रेषेच्या आत होते. गल्फने ते सामाईक कंपनीला देऊ केले. सामाईक कंपनीने घेतले नाही, आणि गल्फने एकट्याने तेथे खणावे यालाही संमती दिली नाही. अखेर डिसेंबर १९२८ मध्ये गल्फने बहरीनचे हक्क स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीला देऊन टाकले. कॅलिफोर्नियाची कंपनी करारात नव्हती. तिच्या दृष्टीने तांबडी रेषा म्हणजे दुसऱ्यांच्या कागदावरचा एक ओरखडा होता. तिने खणले आणि १९३२ मध्ये त्या बेटावर, जेथे त्या काळी भारतीय रुपया चलनात होता, तेल लागले. कुवेत रेषेबाहेर असल्यामुळे गल्फला तेथे मोकळीक राहिली. अँग्लो-पर्शियनच्या भागीदारीत तिने १९३४ मध्ये तेथील मक्ता मिळवला आणि १९३८ मध्ये बुरगानचे तेलक्षेत्र सापडले. एकाच कंपनीच्या दोन मक्त्यांचे भवितव्य केवळ रेषेची बाजू पाहून ठरले.

बहरीनपासून अरबस्तानचा किनारा सुमारे २५ किलोमीटरवर आहे. बेटावर तेल लागले, तर समोरच्या किनाऱ्यावर का लागू नये, असा विचार कॅलिफोर्नियाच्या लोकांनी केला. २९ मे १९३३ रोजी सौदी अरबस्तानचा मक्ता त्यांनी मिळवला. सामाईक कंपनीचे वकीलही तेथे गेले होते, परंतु त्यांची बोली अपुरी पडली. मार्च १९३८ मध्ये दम्माम येथील सातव्या विहिरीला विपुल तेल लागले. अशा रीतीने रेषेच्या आतील सर्वांत मौल्यवान भूमी रेषा आखणाऱ्यांच्या हातून गेली. कराराने भागीदारांना बांधले होते. जो करारात नव्हता त्याला तो बांधू शकत नव्हता. आपसांत कोणी पुढे जाऊ नये म्हणून बांधलेल्या दाव्याने त्यांचेच पाय अडखळले आणि परका पुढे निघून गेला.

महायुद्धानंतर याच रेषेची दुसरी कसोटी लागली. सौदी तेल एवढे निघू लागले की, कॅलिफोर्निया आणि तिची सहकारी टेक्सास कंपनी यांना भांडवल आणि बाजारपेठ दोन्ही अपुरी पडू लागली. जर्सी स्टँडर्ड आणि सोकोनी या दोन अमेरिकन कंपन्या भागीदार म्हणून येण्यास उत्सुक होत्या. परंतु त्या दोघी तांबड्या रेषेने बांधलेल्या होत्या. मग त्यांच्या वकिलांनी एक युक्तिवाद शोधून काढला. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनांच्या हाती गेल्यावर फ्रेंच कंपनी आणि तेव्हा फ्रान्समध्ये राहणारा गुलबेंकियन हे दोघेही इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने ‘शत्रू’ ठरले होते आणि त्यांचे भाग शत्रूंच्या मालमत्तेच्या रक्षकाकडे गेले होते. शत्रूशी करार चालू राहू शकत नाही; म्हणून १९२८ चा करार तेव्हाच संपला, असे त्यांचे म्हणणे. १९४७ मध्ये फ्रेंचांनी लंडनच्या न्यायालयात धाव घेतली आणि गुलबेंकियननेही लढा मांडला. न्यायालयाचा निर्णय मात्र कधी झालाच नाही. लिस्बन येथे, जेथे गुलबेंकियन १९४२ पासून एका हॉटेलात राहत होता, नोव्हेंबर १९४८ मध्ये तडजोडीवर सह्या झाल्या. फ्रेंचांना आणि गुलबेंकियनला इराकच्या तेलात अधिक सवलती मिळाल्या, अमेरिकन कंपन्यांना सौदी अरबस्तानात जाण्याची मोकळीक मिळाली आणि वीस वर्षांनी तांबडी रेषा पुसली गेली.

रेषा पुसली गेली, तरी तिने पाडलेली वाटणी पुसली गेली नाही. अबूधाबीचा मक्ता १९३९ मध्ये याच कंपन्यांनी ७५ वर्षांसाठी घेतला होता आणि तो जानेवारी २०१४ पर्यंत चालला. अखेरच्या काळात त्यात अबूधाबीच्या सरकारी कंपनीचे ६० टक्के होते. उरलेल्या ४० टक्क्यांत चार मोठ्या कंपन्यांचे प्रत्येकी ९.५ टक्के आणि गुलबेंकियनच्या नावे चालणाऱ्या न्यासाच्या कंपनीचे २ टक्के होते. हिशेब करून पाहिला तर ४० चे २३.७५ टक्के बरोबर ९.५ होतात आणि ४० चे ५ टक्के बरोबर २. गुलबेंकियन १९५५ मध्ये वारला. त्याच्या पश्चात अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी ऑस्टेंडचे अपूर्णांक अबूधाबीच्या वाळूत तसेच होते.

या साऱ्या व्यवहारात एका पक्षाचा उल्लेख अद्याप आला नाही, आणि करारातही तो नव्हता. रेषेच्या आत राहणारी माणसे हा तो पक्ष. १९२० मध्ये सान रेमो येथे इराकच्या सरकारला किंवा तेथील लोकांना कंपनीत २० टक्क्यांपर्यंत भाग घेण्याची मुभा असावी, असे लिहिले गेले होते. १९२५ च्या मक्त्यात तो भाग मिळाला नाही. प्रत्येक टनामागे सोन्याचे ४ शिलिंग एवढे स्वामित्वधन मिळाले. तेल केव्हा, किती आणि किती वेगाने काढायचे, हे परदेशांतील भागीदार ठरवत. त्यांना दुसरीकडे तेल पुरेसे असले, की इराकच्या विहिरी थांबू शकत. हा सल इराकच्या मनात राहिला. १९६१ मध्ये ८० क्रमांकाच्या कायद्याने इराक सरकारने कंपनीच्या मक्त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक क्षेत्र परत घेतले आणि १ जून १९७२ रोजी कंपनीच राष्ट्राच्या मालकीची केली. ज्यांना सीमा आखताना विचारले नव्हते, त्यांनी अखेर आपल्या सीमा स्वतःच सांगितल्या.

हे सारे दूरचे आणि कोट्यवधींच्या उलाढालीचे म्हणून सोडून देता येत नाही. मृत राज्य करारात जिवंत राहते, ही घटना भारतातील प्रत्येक चित्रपटगृहाच्या पाठीमागे घडत असते. हिंदी चित्रपटाचे प्रदर्शनाचे हक्क प्रदेशवार विकण्याची येथे जुनी वहिवाट आहे आणि त्या प्रदेशांना ‘सर्किट’ म्हणतात. त्यांची नावे ऐकण्याजोगी आहेत: बॉम्बे, सी. पी. बेरार, सेंट्रल इंडिया, निजाम, म्हैसूर, ईस्ट पंजाब. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यही विभागले गेले. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ हे नाव १९५० मध्ये गेले. तथापि वितरकांच्या वहीत ही राज्ये अद्याप नांदत आहेत. तेलुगू चित्रपटांच्या व्यापारात तर रायलसीमेला ‘सीडेड’ म्हणजे ‘सोडून दिलेला मुलूख’ म्हणतात. निजामाने तो प्रदेश १८०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला तोडून दिला, त्याची ती आठवण.

याचा परिणाम असा की, १ मे १९६० रोजी एक झालेला महाराष्ट्र या व्यापाराच्या नकाशात अजून एक झालेला नाही. मुंबई आणि पुणे बॉम्बे सर्किटात आहेत आणि त्यांच्यासोबत गुजरात व उत्तर कर्नाटकाचा भाग आहे, विदर्भ सी. पी. बेरारमध्ये छत्तीसगडासोबत आहे. मराठवाडा निजाममध्ये तेलंगणासोबत आहे. एकाच राज्याच्या तीन भागांत एकाच चित्रपटाचे तीन वितरक असू शकतात. हा केवळ आळस म्हणता येणार नाही. जुने हक्क जुन्या सीमांनुसार विकले गेले आहेत. नव्या सीमा मानल्या, तर कोणाचे तरी विकत घेतलेले गाव दुसऱ्याकडे जाईल. म्हणून ज्या व्यापाऱ्याला ‘महाराष्ट्राचे हक्क’ असे शब्द लिहून मिळाले आहेत, त्याने त्यांचा अर्थ राज्याच्या नकाशात शोधावा की सर्किटाच्या, हे करारातच लिहून घ्यावे, हे शहाणपणाचे.

नावापेक्षा तारीख महत्त्वाची का, हेही भारताच्या इतिहासाने दाखवले आहे. १९३६ मध्ये ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ असे लिहिले तर त्यात ब्रह्मदेश आणि एडन येत. १ एप्रिल १९३७ पासून दोन्ही निराळे झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दोन राष्ट्रे झाली आणि त्यांच्यामधील सीमा १७ ऑगस्टला जाहीर झाली. त्या दोन दिवसांत पंजाबातील किंवा बंगालमधील एखाद्या अडत्याने आपल्या करारातील ‘भारत’ या शब्दाचा अर्थ विचारला असता, तर त्याला सांगणारा कोणी नव्हता.

भारतीय कायद्याने या विषयावर दीर्घकाळ विचार केलेला आहे. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम २९ असे सांगते की, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करता येण्याजोगाही नाही, तो करार निरर्थक होय. कलम २७ सांगते की, कोणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल होय. तेथे एक अपवाद ठेवला आहे. कोणी आपला धंदा नावलौकिकासह विकला, तर विकत घेणारा तोच धंदा चालवीत असेतोवर विशिष्ट स्थानिक मर्यादेत आपण तो करणार नाही, असे वचन विकणाऱ्याला देता येते; मात्र ती मर्यादा वाजवी असली पाहिजे. इंग्लंडमध्ये १८९४ साली नॉर्डेनफेल्ट या तोफा बनवणाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायपीठाने २५ वर्षांचा आणि जवळजवळ साऱ्या जगाला व्यापणारा निर्बंधही वाजवी मानला, कारण तोफांचे गिऱ्हाईक म्हणजे जगातील सरकारे होती. म्हणजे मुलखाची योग्य लांबी-रुंदी मैलांवर ठरत नाही, धंद्याच्या स्वरूपावर ठरते. वाण्याच्या दुकानाला पेठ पुरते. तोफेला पृथ्वी लागते.

२००२ च्या स्पर्धा अधिनियमाने आणखी एक बाजू पुढे आणली. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्यांनी बाजारपेठेची भौगोलिक वाटणी केली, तर ती स्पर्धेला घातक आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे दाखवण्याचे ओझे वाटणी करणाऱ्यांवर येते. खरोखर कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला सवलत आहे. केवळ एकमेकांना थोपवून धरणाऱ्या जुटीला नाही. ऑस्टेंडच्या मंडळींना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आज तो विचारला जातो, हा काळाचा फरक आहे आणि तो चांगला आहे.

तेव्हा सामाईक मुलखाचे कलम लिहिणाऱ्याला काही गोष्टी स्पष्ट कराव्या लागतात. मुलखाचे नुसते नाव न लिहिता कोणत्या तारखेची सीमा अभिप्रेत आहे ते लिहावे आणि शक्य तर नकाशा जोडावा. बेटे, किनारा आणि समुद्र यांचे काय, हे सांगावे. बहरीनचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे. राज्य बदलले, नाव बदलले, सरहद्द सरकली, तर मुलूख बदलेल की तसाच राहील, हे आधीच ठरवावे. सामाईक म्हणजे दोघांनी मिळूनच करावयाचे, की दोघांनाही स्वतंत्रपणे करण्याची मोकळीक, हेही शब्दांत उतरवावे. कारण ‘सामाईक’ या एका शब्दात हे दोन्ही अर्थ शांतपणे एकत्र बसलेले असतात आणि तंटा उभा राहिला म्हणजेच वेगळे होतात. एका भागीदाराने नाकारलेली संधी दुसऱ्याला घेता येईल काय, याचेही उत्तर हवे. ते नसल्यास ती संधी तिसरा घेऊन जातो. आणि वचनाची मुदत केव्हा संपेल, हे सांगून ठेवावे. नाही तर ते संपवण्यासाठी भागीदाराला शत्रू ठरवण्याची पाळी येते.

खरेदीखत लिहिणारा जुना कारकून ओढा, रस्ता आणि बांध लिहीत असे, पण त्याबरोबर शेजाऱ्याचे नावही लिहीत असे. पलीकडे कोण राहतो, याची नोंद घेतल्यावाचून सीमा पुरी होत नाही, हे त्याला वहिवाटीने समजले होते. व्यापारी करारातील मुलखाच्या आत आणि बाहेरही माणसे असतात. त्यांची सही करारावर नसते. परंतु करार किती दिवस टिकेल, हे पुष्कळदा तीच ठरवतात.